चिमणीचा दुसरा सीझन

४ मार्च
आइस स्केटिंगच्या त्या कार्टून मालिकेचा नवा सीझन येतोय. लेकीने सांगितलं. कार्टून नाही गं आई, अ‍ॅनिमे, असंही सांगितलं. पहिल्या सीझनमध्ये स्पर्धेत उतरणारी बारा वर्षांची पोर आपल्या भाषेत बोलली ती माझ्या आवाजात. डबिंग स्टुडिओत सगळे तिला चिमणी म्हणायचे. पुढे पुढे मलाही.
फोन आज-उद्या येईलच. थंड पाणी बंद. ओरडणं बंद.

६ मार्च
ओरडणं बंद केल्यामुळे घर घाबरलंय. नवऱ्याने आपणहून भांडी घासली आणि माझं काय चुकलं म्हणून विचारलं. काही नाही म्हटल्यावर ओटाही पुसला.

११ मार्च
ट्रेलर आला. चिमणी उंच झालीय, केस कापलेत. बर्फावर गिरक्या घेते, पण तोंडातून शब्द नाही. साहजिक आहे. मी अजून रेकॉर्डिंगला गेलेच नाही, तर बोलणार कशी?
लेक म्हणाली, आता ती पंधराची आहे, आई. म्हटलं, मग सोपंच की. माझ्या सेहेचाळिसाकडे तीन वर्षं सरकली.

१४ मार्च, सकाळ
बाथरूममध्ये सराव. आवाज छान घुमतो. सासूबाईंनी बाहेरून विचारलं, कुणाची मुलगी गेलीय आत, तिला टॉवेल दिलाय का? याहून मोठं सर्टिफिकेट नको.

१४ मार्च, संध्याकाळ
घसा बसला.

२० मार्च
फोन नाही. मोठी कामं घाईत होत नसतात.
दुसऱ्या ट्रेलरमध्ये चिमणी एक वाक्य बोलते. कोवळा, ओलसर आवाज. तात्पुरता लावला असणार. स्टुडिओत खुणेपुरता कुणाचाही घेतात. लेक मान खाली घालून नखं कुरतडत होती. कुरतडू नकोस म्हटलं.

२६ मार्च
स्टुडिओवरून सहज जात होते. दोन बस बदलाव्या लागतात. डबिंग डिरेक्टरना आम्ही सगळे दादा म्हणतो. दादा म्हणाले, बरं झालं ताई आलात, तुमच्यासाठी एक काम ठेवलंय. मी घोटभर कोमट पाणी प्यायले. म्हणाले, चिमणीच्या नव्या कोचची म्हातारी आई आहे. तीन वाक्यं, त्यातलं एक खोकत.
तारखा बघून कळवते म्हटलं. चिमणीचं त्यांनी काढलं नाही, मीही विचारलं नाही. ठरलेल्या गोष्टी काय विचारायच्या!
येताना माझा स्टॉप मागे राहिला. वाईट वाटत होतं म्हणून नाही. काहीच वाटत नव्हतं.

२ एप्रिल
तारखा जमत नाहीत असं दादांना कळवलं. सगळ्या रिकाम्या आहेत, पण जमत नाहीत.
थंड पाणी पुन्हा सुरू. घशाला काहीही झालं नाही. जरा खट्टूच झाले.

९ एप्रिल
पहिला भाग. घरचे सगळे टीव्हीसमोर, जणू माझाच निकाल लागणार होता. आवाज नव्या मुलीचा. चांगला आहे. कुठे नाव ठेवायला जागा सापडते का बघत होते, नाही सापडली. सासूबाई म्हणाल्या, ही गोड बोलते गं, तुझी जरा किरकिरी होती. नवऱ्याने त्यांच्याकडे डोळे वटारले. मला दिसणार नाही अशा बेताने, पण दिसलं.
शेवटी चिमणी उडी घेते आणि बर्फावर आपटते. आपटताना कण्हली, ते कण्हणं माझं होतं. लेकीने झटकन माझ्याकडे पाहिलं.
गेल्या वेळी ते मनासारखं येईना, म्हणून मी स्टुलावरून मुद्दाम खाली पडले होते. माइकसकट.
दादांना फोन लावला. हो ताई, म्हणाले, पडण्याचे आवाज तुमचे जुनेच वापरलेत. ती मुलगी बोलते छान, पण तिला पडता येत नाही.
सीझनमध्ये किती वेळा पडते, विचारलं. म्हणाले, दर भागात. फक्त शेवटच्यात नाही. त्यात जिंकते.
बरं म्हटलं. शेवटच्या भागाला मला सुट्टी.