तासगावच्या शेडमधली वाकळ

सांगली,
शनिवार

प्रिय शिवांजली,

पाचगणीहून सुट्टीला निघालेली आपली एस.टी. पसरणीच्या घाटात शिरली की तुझा चेहरा पांढरा पडायचा. सहावीत असताना एकदा तू खिडकीपर्यंत पोचलीच नाहीस. सगळं माझ्या मांडीवर. मी गळ्यातला शाळेचा टाय काढून तुझं तोंड पुसलं आणि तू रडायचं सोडून हसत सुटलीस, की आता सिस्टरना टायचं काय सांगणार. वाईच्या स्टँडवरच्या नळाखाली आपण तो धुतला. एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. पिळताना तू इतका जोर लावलास की मी पडले. तुझे सुभेदार वडील तुला उंब्रजला न्यायला आले होते. आपल्या ओल्या फ्रॉककडे बघून त्यांनी काहीच विचारलं नाही, दोघींना पेरू घेऊन दिले.

वर्ष होत आलं, तू माझा फोन घेत नाहीस. म्हणून कागदावर लिहिते. शाळेत आपल्याला पत्र लिहायला शिकवलं होतं ते इंग्रजीत, पण हे मला इंग्रजीत जमणार नाही.

सोमवारी कोर्टात माझी साक्ष आहे. परवा तुझे दीर बाळासो घरी येऊन गेले. चहा घेतला, माझ्या खांद्याचं हाड अजून दुखतं का ते विचारलं. मग म्हणाले, शेडमध्ये अंधार होता, झटापटीत कात्री कुणाच्या हातात होती ते दिसलं नाही, एवढंच बोला. त्यांचा वकील सांगणार आहे की तुझ्या सुनेने, दीपमालाने, सासूची साडी तिला न विचारता चारचौघांत टांगली, मेलेल्या सासऱ्याची बदनामी केली, आणि कुठल्याही पोराचं डोकं फिरलं असतं. निघताना चपला घालत बाळासो म्हणाले, “बाई, पोरानं आईच्या अब्रूसाठी हात उचलला. तुमी शिकलेल्या हाय, तुमास्नी कळंल.” म्हणजे सोमवारनंतर तुझा वीरधवल सुटणार की नाही एवढाच प्रश्न उरलेला नाही. दीपमाला गुन्हेगार ठरणार की नाही, हाही आहे.

बेदाण्याच्या शेडमधली आमची कलाकारांची रेसिडेन्सी तुला आधी थट्टेचा विषय वाटायची. चित्रकलेच्या डिग्र्या घेतलेली पोरं पुण्या-नागपुरातून येतात आणि चारू त्यांना बेदाणा निवडायला बसवते, असं तू सगळ्यांना सांगायचीस. खरंच बसवत होते. ज्यांना गावातल्या माणसांबरोबर काम करायचं आहे, त्यांनी पहिला महिना ब्रश हातात धरायचा नाही, ही आमची शिस्त. बायकांच्या रांगेत बसायचं, काड्या वेचायच्या, डबा वाटून खायचा, ऐकायचं. मग काम सुरू झालं की नियम एकच: ज्याची गोष्ट त्याचा शब्द शेवटचा. नाव नाही, चेहरा नाही. तिने पुसा म्हटलं की पुसायचं, का म्हणून विचारायचं नाही. राजस पुण्याहून आला त्या वर्षी त्याने शेडची एक अख्खी भिंत रंगवली आणि एका बाईने मान हलवली म्हणून चुन्याने पांढरी केली. मागच्या बाजूला जाऊन रडला, मग डबा खायला आला. तेव्हा मला वाटलं, हा शिकला.

वाकळ त्याच्याच कामातून निघाली. बायकांनी कापडावर आडवं व्हायचं, अंगाची कड खडूने आखायची, आणि जिथे जिथे मार बसला तिथे लाल दोऱ्याने टाके घालायचे. राजसने कोरं मांजरपाट आणलं होतं. बायकांना ते पसंत पडलं नाही. वाकळ काय कोऱ्या कापडाची असते का, आपापल्या जुन्या साड्या आणू, म्हणाल्या. आम्ही खूश झालो. नाव नाही, चेहरा नाही, नियम पाळला गेला, असंच राजसला वाटलं आणि मलाही. गावात साडी म्हणजे चेहराच असतो, कोणत्या लग्नात कुणी काय नेसलं होतं हे लहान पोरसुद्धा सांगतं, हे आमच्या कुणाच्या मनात आलं नाही. बायकांच्या आलं असणार. त्यांना त्याची भीती उरली नव्हती, की ओळखू येणंच हवं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

टाके घालताना त्या हसायच्या. एकीच्या बरगडीवर लाथ होती, एकीच्या तळपायावर उलथन्याचा डाग, एकीचे समोरचे दोन दात. रंगूबाई त्यांची मुकादम. “माजं सांगायचं तर रीळ पुरायचं न्हाई,” म्हणाली आणि अख्खी रांग हसली. तुझ्या सुनेने स्वतःचा तुकडा शिवला तो मी पाहिला. कानामागे, मनगटावर, पोटावर. पोटावरचे टाके मयूरी पोटात होती तेव्हाचे, असं तिने मान वर न करता सांगितलं. शिवांजली, वीरधवल माझ्याच घरी राहून शाळा शिकला. मावशी, भात जास्त वाढ म्हणायचा. मी ते टाके बघत उभी राहिले.

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी चालू होती. शेड रिकामी असते तेव्हाच, म्हणून आम्ही वाकळ लोखंडी अँगलना टांगली आणि गावाला दुपारी बोलावलं. वीरधवल बागेतून सरळ आला. छाटणीची कात्री हातात, बाह्यांना सालीचा चीक. बायकोच्या तुकड्यासमोरून तो तसाच पुढे गेला. त्याने बघितला, मला दिसलं ते. बघितला आणि पुढे गेला. मग त्या हिरव्या इरकलीसमोर थांबला. लाल काठ, मध्ये गळ्याभोवती टाके, पाठीवर टाके, डाव्या कानावर इतके दाट की कापड दिसत नव्हतं. तुमच्या सोप्यात फोटो आहे ना, बारशाचा, तू त्याला मांडीवर घेऊन बसलेली, तीच साडी. रोज जेवताना त्याच्या समोर असायची ती.

“ही आईची हाय. कुणी लावली?”

दीपमाला पुढे आली. “मी लावली. कुणाला इचारलं न्हाई.”

त्याने कात्रीने वाकळ कापायला सुरुवात केली. दोन तुकडे उभे फाटले. दीपमालाने धावत जाऊन ती इरकल दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. तो कापत राहिला. कापड आणि बोटं यांत फरक करायला तो थांबला नाही. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट खाली पडलं आणि तरी तिने हात काढला नाही. आवाज कसा झाला ते मी सोमवारी सांगणार आहे, इथे लिहीत नाही. मग त्याने तिचे केस धरून डोकं अँगलवर आपटलं. पुन्हा आपटलं. राजस मध्ये गेला तर त्याच्या जबड्यावर कात्रीची मूठ बसली आणि तो रक्त थुंकत खाली बसला. मी वीरधवलच्या दंडाला लोंबकळले. मावशी बाजूला हो, असं तो अगदी शांतपणे म्हणाला आणि मला क्रेटच्या थप्पीवर फेकलं. माझं हाड मोडलं ते तेव्हा. शेवटी रंगूबाईने जाळीचा लोखंडी पाइप उचलून त्याच्या गुडघ्यामागे घातला. पुरुष दारात उभे होते. एकही आत आला नाही.

दुसऱ्या दिवशी शेडवर दगड पडले, त्यानंतर तिच्या पडव्या पेटल्या. ज्यांचे तुकडे वाकळीत होते त्यांतल्या दोघींना त्यांच्या घरी बदडलं. एकीचा डोळा गेला. मिरजेच्या दवाखान्यात दीपमालाची बोटं पुन्हा बसली नाहीत. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हाही ती तेच म्हणाली, साडी मी लावली, कुणाला विचारलं नाही. तो जबाबच आता वकिलाच्या हातात आहे.

ती खोटं बोलली हे तीन बायकांना माहीत आहे. तिला, मला, आणि तुला. वाकळ टांगण्याच्या आधी एका दुपारी तू तिचा हात धरून शेडच्या मागच्या दाराने आलीस, राजसला मी बाजारात पाठवलं होतं, आणि तू साडी स्वतः अंथरून तिच्यावर आडवी झालीस. गुडघे दुखत होते म्हणून तुला उतरवायला आम्ही दोघी लागलो. मी खडू फिरवला. तू सांगत गेलीस आणि दीपमाला टाके घालत गेली. लग्नानंतर मी पहिल्यांदा तुझ्या आणि दाजींच्या घरी आले तेव्हा ऐन वैशाखात तुझ्या गळ्याला मफलर होता. मोरीत घसरले, म्हणाली होतीस. दाजी गेल्यावरसुद्धा तू मला कधी काही बोलली नव्हतीस. कानावरचा मार शेवटी सांगितलास. तो कुणाच्या हातचा, हे सांगितलंस तेव्हा दीपमालाची सुई थांबली. कारण दाजी गेल्यानंतरचा होता तो. वीरधवलच्या हातचा. बारशाचीच साडी का निवडलीस, हे मी तेव्हा विचारलं नाही, आजही विचारत नाही.

हे पत्र त्यासाठी आहे. सोमवारी मी कात्री कुणाच्या हातात होती ते सांगेन. त्यासाठी मला कुणाची परवानगी नको, ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण ती साडी तू दिलीस, हे माझ्या तोंडून तुझ्या होकाराशिवाय निघणार नाही. तुझी गोष्ट आहे, तुझा शब्द शेवटचा. तुझ्या नाही म्हणण्याने दीपमाला बुडाली तरी मी गप्प बसेन, आणि ते मला कसं झेपेल ते ठाऊक नाही. पोटचा पोरगा आहे, हे मला कळत नाही असं समजू नकोस. रंगूबाईबरोबर पत्रासोबत एक बोचकं पाठवते आहे. शेडमालकाने जागा सोडायला सांगितली आहे, म्हणून वाटावाटी करते. रंगांची पेटी मयूरीची. तिला तुझ्याकडे करमत नसेल तर काढत बसेल. पितळी डबा रंगूबाईचा, तिने घेतला नाही, तू आग्रह कर. माझी कॅमेऱ्याची पिशवी आणि मोठी कातर राजसची, तो सोमवारी कोर्टात येणार आहे तेव्हा न्यायला सांग. रेसिडेन्सीची पुढची तुकडी जिथे बसेल तिथल्या किल्ल्या दीपमालाच्या, ते मी तिला सांगितलं आहे. आणि तळाशी वर्तमानपत्रात तुझ्या इरकलीचा उरलेला अर्धा भाग आहे, पदरासकट. वाकळीला लागला तेवढाच आपण कापला होता. कोर्टात बोलणं झेपणार नसेल तर बोलू नकोस. सोमवारी दहाच्या आत ये आणि तो पदर कोर्टाच्या आवारात, बाळासोंच्या आणि वकिलाच्या समोर, दीपमालाच्या खांद्यावर तुझ्या हाताने घाल. सासूने सुनेला दिलेलं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिचा उजवा हात नीट वळत नाही, म्हणून टाचणी तूच लाव.

आलीस किंवा न आलीस, तरी तुझीच,
चारू