ऐरण्यात म्हातारं कुणी नाही

५ जानेवारी २०२५, रविवार. वालचंदनगर

ड्रेनेज जमलं! खेळातल्या शहराला शेवटी उतार मिळाला. उत्तरेची वेस उंचावर, नदी दक्षिणेला. आता भट्टीचं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत नाही. दिवाळीपासून यावर अडले होते. खेळणाऱ्या तिघांपैकी एकही जण गटारात डोकावणार नाही, हे मला माहीत आहे. पण गटार चुकलेलं असलं की माझा त्या शहरावर विश्वास बसत नाही.

नाव ठेवलं — ऐरणे. मध्यभागी राक्षसांनी बांधलेली प्रचंड भट्टी, भोवती वस्ती. भट्टीच्या माथ्यावर ड्रॅगनचं शिंग. ते वाजलं की पाळी सुटते, दुसरी पाळी कामावर जाते.

पुढच्या रविवारी दुपारी खेळ सुरू. उत्कर्षा पुण्यातून, ऋषिराज बंगळूरहून, सार्थक नाशिकहून. कॉलेजचे आम्ही चौघं आता फक्त स्क्रीनवर भेटतो. शहर आणि त्यातली सगळी माणसं मी सांभाळायची, ते तिघं तिथं आलेले प्रवासी. अडलं की फासे टाकायचे. पप्पांना एकदा हे समजावून सांगितलं होतं. म्हणाले, "म्हंजे बसल्या जागी सोंगं."

आजही ते बाहेर खुर्चीत, टीव्हीसमोर. फेब्रुवारीअखेर रिटायर होतायत. मग कंपनीचं क्वार्टर सोडायचं. कुठं जायचं, हा विषय अजून निघालेला नाही.

७ जानेवारी, मंगळवार. बारामती

ऑफिसात दिवसभर पाइपिंगचं ड्रॉइंग, एका दूध प्लँटचं. दिवसभरात मी बोललेलं सगळं — "हो." "रिव्हिजन पाठवली." "नको, डबा आणलाय."

संध्याकाळी घरमालकीण भामाबाई जिन्यात भेटल्या. "रेश्मा, तुजं वडील मोकळं व्हनार म्हनं! आता पणदऱ्याला जात्याल का?"

"ठरायचंय," म्हटलं.

ठरायचंय म्हणजे कोण ठरवणार? पणदऱ्याला, आमच्या गावी, सावळाराम काका आहेत. "घर तुमचंच हाय" असं प्रत्येक फोनवर म्हणतात. पप्पांच्या वाटणीच्या खोलीत पेंडीची पोती आणि जळालेली मोटर आहे. इथं माझी खोली, आणि पुढं गॅलरी बंद करून केलेली जागा, जिथं मी सायकल ठेवते. सायकल काढता येईल.

पण विचारलं तर पप्पा "नको" म्हणतील. न विचारलं तर निदान ते ऐकावं लागणार नाही.

१२ जानेवारी, रविवार. वालचंदनगर

पहिला खेळ. तिघंही वेळेवर! सार्थक या वेळी बुटका म्हातारा झालाय, दोनशे वर्षांचा. नाव म्हस्कूबुवा. वेशीतून आत आल्या आल्या त्यानं आवाज बदलला.

"पोरी, दमलो गं. पारावर कोण कोण बसलंय?"

"पार नाही."

"बरं, देवळाच्या पायऱ्यांवर?"

"दुपारची पाळी चालू आहे. सगळे कामावर."

"म्हातारे पण?"

मी कागद चाळले. भट्टीवाले आहेत, सुतार आहेत, पखालीतून पाणी आणणारे आहेत. सुईण आहे, शाळा आहे. म्हातारं एकही नाही. मसणवटा नाही. या शहरात जन्माला यायची सोय आहे, मरायची नाही!

ऋषिराज ओरडला, "थांबा! हीच गोम आहे. हे लोक म्हाताऱ्यांचं काय करतात?"

"भट्टीत टाकत असतील," उत्कर्षा म्हणाली.

"ए, मी आत्ताच आलोय," म्हस्कूबुवा म्हणाला.

तिघं हसत सुटले. ठरलं — म्हातारे कुठं जातात ते शोधायचं. "मानलं तुला रेश्मा. किती थंड डोक्यानं लपवलंयस!" ऋषिराज म्हणाला.

मी काही लपवलं नव्हतं. मी विसरले होते. "बघू," एवढंच म्हटलं.

१३ जानेवारी, सोमवार. बारामती

असं कसं विसरले? पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजला आणि म्हातारी माणसं विसरले.

सकाळच्या एसटीत कळलं. कॉलनीत मी म्हातारी माणसं पाहिलीच नाहीत. वय झालं की हार, नारळ, फोटो. मग दारात टेम्पो. मग भिंतींना चुना आणि नवं बिऱ्हाड. आधीच्यांचं पेरूचं झाड तेवढं मागं राहायचं. आजी-आजोबा पणदऱ्याला होते, सुट्टीत भेटायचे. लहानपणी मला वाटायचं, म्हातारी माणसं गावाला असतात, जशा म्हशी गावाला असतात.

भट्टी, पाळ्या, एकसारख्या घरांच्या रांगा. शिंगसुद्धा! कारखान्याचा भोंगाच की तो. आणि मी समजत होते, कुठंच नसलेलं शहर काढतेय.

१९ जानेवारी, रविवार. वालचंदनगर

ऋषिराजचं ऑफिसचं काम निघालं, सार्थकचा फोन लागला नाही. खेळ रद्द. पिठलं केलं. पप्पा म्हणाले, मीठ बरोबर आहे.

२५ जानेवारी, शनिवार. वालचंदनगर

उद्याही खेळ नाही, तिघं आपापल्या घरी गेलेत. बरंच झालं. म्हातारे कुठं जातात, याचं उत्तर माझ्याकडं नाही. भट्टी, शाप, राक्षस — सगळं लिहून पाहिलं. सगळं खोटं वाटतं.

शेवटी पप्पांना विचारलं. "इथून रिटायर झालेले कुठं जातात?"

"कोन?"

"कुणीही. खेळासाठी हवंय."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "आता आमच्या पाळीतला गेणू. त्यो गावाला गेला, कळसला. थोरल्यानं पोल्ट्री टाकलीया. गेणू अजून आमची पाळी सुटायच्या येळंला च्या ठेवतो. दोघांचा. येत कुनी न्हाय. मग दोनी कप सोताच पितो." हसले. "आन् दादासाहेब फोरमन पुन्याला, ल्योकाकडं. चौथा मजला. म्हनला, समदं हाय हितं, फकस्त खाली उतरलं की वळखीचं कुनी न्हाय."

"आणि तुम्ही?" हे ओठांवर आलं होतं.

"चहा ठेवू?" असं विचारलं.

"ठेव की."

आई असती तर हा प्रश्न तिनं विचारला असता. चहाचा नाही. दुसरा.

२ फेब्रुवारी, रविवार. वालचंदनगर

तिघं उत्तरेच्या वेशीपर्यंत पोचले. पहारेकऱ्याला दारू पाजली, ऋषिराजचा फासा बरा पडला, पहारेकरी बोलला. म्हणजे मी बोलले.

सांगितलं — कुणी त्यांना मारत नाही. एका संध्याकाळी नाव पुकारलं जातं. हार घालतात. गाडी येते. ती माणसं वेशीबाहेर जातात, जिथं कुणी ठेवून घेईल तिथं. आणि ऐरण्याचं शिंग वाजायच्या वेळी, ते ऐकू येत नसलं तरी, दोघांचा चहा ठेवतात.

कुणी फासा टाकला नाही.  सार्थक म्हस्कूबुवाच्या आवाजात म्हणाला, "मग आम्ही बाहेर जातो. सगळ्यात जवळच्या म्हाताऱ्याकडं."

"बाहेरचा नकाशा काढलेला नाही."

"मग काढ की, बाय."

सगळे गेल्यावर उत्कर्षा थांबली. "रेश्मा, काका कधी रिटायर होतायत गं?"

"नेट जातंय बहुतेक," म्हटलं आणि बंद केलं. नेट उत्तम होतं.

बाहेर आले. पप्पा टीव्हीसमोर. चित्र हलत होतं, आवाज नव्हता.

"आवाज का बंद?"

"तुमचं चाललं हुतं न्हवं."

"कधीपासून ऐकताय?"

"पयल्यापास्नं. त्यो म्हस्कू बेरकी हाय." मग म्हणाले, "गेणूच्या च्याचं झ्याक सांगितलंस. पर त्यो गुळाचा करतो. तू नुस्तंच च्या म्हनलीस."

९ फेब्रुवारी, रविवार. वालचंदनगर

वेशीबाहेर रस्ता काढला, ओढा काढला, ओढ्याकाठी एक घर. घरात कोण राहतं ते लिहिलं नव्हतं. आयत्या वेळी सुचेल म्हटलं.

पप्पांनी खुर्ची आज आत आणली. माझ्या टेबलाशेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशी. "मी आपला ऐकतो."

तिघं घरापाशी आले. म्हस्कूबुवानं कडी वाजवली. मी आवाज शोधत होते. म्हाताऱ्या माणसाचा आवाज मला काढता येत नाही. आणि शेजारून —

"कोन हाय? पाय धुवून या. भट्टीची राख घरात नगं."

पप्पा!  सार्थकनं लगेच धागा पकडला. "आम्ही ऐरण्याहून आलो, आबा."

"या, बसा. शिंग वाजतंय का अजून?"

"वाजतं की. आबा, तुम्ही हितं एकटेच?"

"एकटाच म्हनायचं. लेक हाय, शेरात. हुशार हाय, समदं मोजूनमापून करती."

"मग तिच्याकडं का जात नाही?"

पप्पा माझ्याकडं बघत नव्हते. नकाशाकडं बघत होते, त्या ओढ्याकडं. "तिनं ईचारलं न्हाय अजून," म्हणाले. "खोली बारकी असंल."

ऋषिराजनं माइक बंद केला. उत्कर्षा थेट कॅमेऱ्यात बघत होती. पुढं काय होतं, ते सांगणं माझं काम. फासा हातात होता, पण यात टाकायचा कशासाठी? "आज इथंच थांबू," एवढं म्हटलं.

पप्पा उठून चहा ठेवायला गेले. निघायच्या आधी मी त्यांची खुर्ची टेपनं मोजून घेतली.

११ फेब्रुवारी, मंगळवार. बारामती

इथला जिना मोजला. वळणावर खुर्ची अडकते. पप्पांना फोन केला, म्हटलं, तुमची खुर्ची पाय काढल्याशिवाय वर येणार नाही.

"काढू की," म्हणाले. "पाना घिऊन येतो."