घड्याळ बघून घेतलेली गाडी

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. हा नमस्कार रीत म्हणून घातला आहे, मनापासून घातला आहे असा गैरसमज करून घेऊ नकोस. वहिनींना मात्र खरा नमस्कार सांग. तुझी दाढ कशी आहे? दुखायची थांबली असेल तर आनंद आहे, आणि अजून ठणकत असेल तर त्याहून जास्त आनंद आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. माझं डोकं तेवढं फिरलेलं आहे, पण ते तब्येतीत धरत नाहीत. पत्र अशासाठी लिहिते आहे की फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि मी तापायला लागले की गुपचूप वहिनींच्या हातात फोन देतोस. आता खाली बस आणि शेवटपर्यंत वाच.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते. ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान गेल्या वर्षी बंद झालं (घड्याळ बिघडलं तर लोक नवं घेतात, आणि वेळ तर फोनमध्येच बघतात), तेव्हापासून घर माझ्या केकवर चाललं आहे. केक मी बसने पोचवते. एकदा ड्रायव्हरने असा काही ब्रेक मारला की एका वकिलाच्या काळ्या कोटावर 'वाढदिवसाच्या हार्दिक' एवढं उमटलं आणि 'शुभेच्छा' माझ्याकडे राहिल्या. अशात टेकडीवरच्या हॉटेलच्या मालकीणबाईंनी विचारलं की दर शनिवारी केक पुरवाल का. कायमची ऑर्डर, दादा! ती मिळाली तर घराची काळजी मिटणार होती, आणि नाही मिळाली तर काय करायचं याचा विचार मी मुद्दामच केला नव्हता. पण टेकडीवर बस जात नाही. म्हणून गाडी. रंग उडालेली चालेल, दार वाजलं तरी चालेल, फक्त मागे सपाट जागा पाहिजे, एवढीच माझी अट होती.

गाडी बघायला खरं तर मीच जाणार होते. पण त्या दिवशी शाळेच्या बक्षीस समारंभाचे केक ओव्हनमध्ये होते, आणि ओव्हनला 'जरा थांब, आलेच' म्हणता येत नाही. ह्यांना पाठवायचं ठरलं ते केवळ सोबत तू होतास म्हणून. बस डेपोत हयात घालवलेला माणूस, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा! आणि सकाळी सकाळी तुझा फोन, की दाढ दुखते आहे, येत नाही. वर काय म्हणालास? "त्यांना कशाला हवी सोबत? सगळं आयुष्य यंत्रातच गेलंय त्यांचं." दादा, आमच्या ह्यांना गाडी चालवता येत नाही. परवाना माझ्याकडे आहे. हे सायकलवरून उतरतानासुद्धा आजूबाजूच्यांना आधी सूचना देतात. यंत्रात आयुष्य गेलं हे कबूल, पण त्यांचं यंत्र चहाच्या बशीत मावतं आणि त्याला चाकं असली तरी ती रस्त्यावर चालत नाहीत!

तरी मी सावध होते. घरातलं सगळ्यात मोठं केकचं खोकं, रिकामं, ह्यांच्या हातात दिलं आणि बजावलं की ज्या गाडीच्या डिकीत हे सपाट बसेल तीच घ्यायची, बाकी काही बघू नका. यापेक्षा सोपं काही जगात असतं का? पाच मिनिटांच्या आत विसरता येईल असं त्यात काही होतं का?

पुढचं मी ह्यांच्याच तोंडून ऐकलं, तेही मोठ्या अभिमानाने सांगितलेलं. तो जुन्या गाड्यांचा दलाल (मी त्याला तुळतुळीत म्हणते, तोही आणि त्याचं बोलणंही) ह्यांना रांगेतून फिरवत होता. रांगेत साध्या, भल्या, डब्यासारख्या गाड्या उभ्या होत्या. एकीत तर माझं स्वयंपाकघर ओट्यासकट मावलं असतं. हे त्या सगळ्यांना ओलांडून गेले ते कोपऱ्यातल्या एका पिस्ता रंगाच्या टीचभर गाडीपुढे जाऊन थांबले. गोल गोल डोळे, पांढरं छत, चकचकीत बंपर, आणि समोर डॅशबोर्डवर मधोमध काट्यांचं गोल घड्याळ. गाडी जुन्या काळातली आहे असं समजू नकोस. आजोबांच्या काळातली वाटावी म्हणून कंपनीने मुद्दाम तशी घडवलेली. म्हणजे नवी होती तेव्हा जुनी दिसायची, आणि आता खरोखरची जुनी झाली तर तुळतुळीत म्हणतो, अगदी नव्यासारखी आहे. त्याने बिचाऱ्याने इंजिन सुरू करून दाखवलं. ह्यांनी ते बंद करायला लावलं. का? तर इंजिनाच्या आवाजात घड्याळ ऐकू येईना!

मग हे आत वाकले, डॅशबोर्डला कान लावला, खिशातून भिंग काढलं, पुन्हा कान लावला आणि डोळे मिटून बसले. तुळतुळीतला वाटलं गिऱ्हाइकाला भोवळ आली, त्याने पाणी मागवलं. पाणी आलं तेव्हा हे सरळ झाले आणि म्हणाले, "घेतली." ज्या मालकाने गाडीतलं घड्याळ इतकं निगुतीने सांभाळलं, त्याने बाकीची गाडी काय टाकून दिली असेल, असा ह्यांचा तर्क. ब्रेक पाहिला नाही, टायर पाहिले नाहीत, एक चक्करसुद्धा मारली नाही. तुळतुळीतचा माणूस गाडी दारात आणून सोडून गेला. मी विचारलं, खोकं बसतं का? हे म्हणाले, बसलं की. डिकी उघडून दाखवली. खरंच बसलं होतं. घडी घालून ठेवलेलं होतं.

दादा, मी डिकी आपटून लावली. आत जाऊन कणभर गरज नसताना पाव किलो लोणी फेटत बसले.

आता त्या बेडकीचे (हे नाव मी ठेवलं आहे) गुण ऐक. डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजतो. शेजारच्या सीटचं दार आतून उघडत नाही, बाहेरून कुणाला तरी विनंती करावी लागते. काच खाली जाते, वर येत नाही. चढ लागला की चालवणाऱ्याची सीट हळूच मागे सरकते, मग पाय ब्रेकवर पोचत नाही आणि माणसाला पुढचं आयुष्य डोळ्यांपुढे दिसायला लागतं. मी तुळतुळीतकडे जाऊन त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, या गाडीकडे बघून राग येतोच कसा तुम्हाला?" हॉर्नवर उपाय म्हणून त्याने उजवीकडून जायला सांगितलं.

आणि खरा संताप पुढेच आहे. या गाडीवर कोणी चिडतच नाही! भर चौकात ती बंद पडली, मागे गाड्यांची रांग लागली, मी शिव्या ऐकायची तयारी केली, तर लोक खिडकीतून वाकून हसताहेत, हात हलवताहेत. पोलिसाने बाजूला घ्यायला लावली. मी कागदपत्रं काढून दिली, तर त्याला ती नकोच होती, त्याला बायकोला पाठवायला फोटो हवा होता. शेजारची म्हातारी, जिने माझ्या ओव्हनच्या वासाची तीनदा तक्रार केली, ती रोज येऊन बेडकीच्या डोळ्यांवरची धूळ पदराने पुसते. सगळ्या गावात एकटी मी रागावलेली, त्यामुळे वेडीही मीच ठरते आहे. तूही फोनवर हसलास. मी ऐकलं.

तरी म्हटलं, एकदा टेकडीवर जाऊन येऊ, नमुन्याचा केक दाखवू, ऑर्डर पदरात पडली की हिचं काय ते बघू. तीन मजली केक केला, दादा. संत्र्याच्या सालीचा, वर साखरेची पानं, एकेक पान मी चिमट्याने लावलेलं. दोन रात्री पाठ टेकली नव्हती. डिकीत तो जाणार नव्हताच. मागच्या सीटवर हे बसले आणि मांडीवर केक. टेकडीचा रस्ता म्हणजे सगळी डावी वळणं, प्रत्येक वळणाला आम्ही आमची वर्दी देत चाललो होतो. चढ लागला तशी माझी सीट निघाली मागे. मी ओरडले. ह्यांनी दोन्ही गुडघे माझ्या पाठीत रोवले, केक हनुवटीपाशी उचलून धरला आणि तसेच वरपर्यंत आले, छताला डोकं टेकवून. (गुडघे अजून माझ्या पाठीत असल्यासारखे वाटतात.)

केक शाबूत पोचला. मालकीणबाई पायऱ्या उतरून आल्या, मी खोक्याचं झाकण काढून उभी, आणि बाई माझ्या शेजारून निघून गेल्या त्या थेट बेडकीपाशी. चारी बाजूंनी फिरल्या. बंपरला हात लावून पाहिला. आत वाकून सीटचं कापड बघितलं, हॉर्न वाजवून पाहिला आणि टाळ्या पिटल्या. मग तिथूनच म्हणाल्या, ऑर्डर पक्की, दर शनिवारी या, फक्त केक याच गाडीतून आला पाहिजे आणि दुपारभर ती दारासमोर उभी राहिली पाहिजे, पाहुण्यांना फार आवडेल. मी म्हटलं, आणि केक? तो एकदा चाखून तरी बघा. त्यावर त्या काय म्हणाल्या असतील? "चांगला असेलच."

असेलच! अरे, पंधरा वर्षं मी या हातांनी मैदा चाळते आहे. पोळलेल्या बोटांनी साखरेची पानं करते आहे. आणि माझं पोट भरणार कशावर, तर एका पिस्ता रंगाच्या पत्र्याच्या गोल डोळ्यांवर! आता ही गाडी विकायचीही सोय राहिली नाही. जन्मभर दर शनिवारी हिच्यात बसून हॉर्न वाजवत मला टेकडी चढायची आहे. आणि हे सगळं तुझ्या एका दाढेपायी. राग लिहून संपत नाही, कागद मात्र संपत आला आहे, म्हणून आवरते. वहिनींची काळजी घे, स्वतःची घेतली नाहीस तरी चालेल.

तुझी,
धाकटी

ता. क. : माझा मोठा साचा वहिनींकडे राहिला आहे. तुझ्याबरोबर पाठव.

ता. क. २ : 'तुझ्याबरोबर' असं वर चुकून लिहिलेलं नाही. तू रविवारी ये. टेकडी उतरताना हे एवढंच म्हणाले होते, "बघ, मिळाली ना ऑर्डर?" मी म्हटलं, यंत्रातलं एवढं कळत असतं तर दुकान बंद पडलं नसतं. मी काही वावगं बोलले नाही. राग आला होता आणि तो अजून आहे. पण तेव्हापासून हे बोलायचे थांबले आहेत. विचारलं तर उत्तर येतं, 'तू म्हणशील तसं.' चहात साखर हवी का, तू म्हणशील तसं. दिवा घालवू का, तू म्हणशील तसं. ज्या माणसाने लग्न झाल्यापासून माझं एक वाक्य न सुधारता जाऊ दिलं नाही, तो माणूस! मला हे सोसत नाही, दादा. आणि आपण होऊन माघार घेणं माझ्याच्याने होत नाही, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तेव्हा तू ये, आणि आल्या आल्या माझ्याशी भांड. म्हण की गाडी उत्तम आहे, निवडणारा जाणकार होता आणि मलाच अक्कल नाही. मी तुझ्यावर ओरडेन, उठून जाऊ नकोस. ह्यांची बाजू घेताना तू काही तरी चुकीचं बोलशीलच, निदान तुला सुधारायला तरी हे तोंड उघडतील. ह्यांना यातलं काही कळता कामा नये. पत्र ह्यांच्याच हाती पोस्टात टाकायला देते आहे, पण ह्यांना दुसऱ्याची पत्रं वाचायची सवय नाही.

ता. क. ३ : हे अक्षर तिचं नव्हे, माझं आहे, हे आपण ओळखलं असेलच. पाकीट उघडं होतं. आपल्या बहिणीच्या हातून पाकीट चिकटवायचं राहत नाही, म्हणून वाचलं. वरच्या मजकुरात पुष्कळ चुका आहेत. सीट सरकते ती खाच झिजल्यामुळे. ती मी काल कानशीने घासून नीट बसवली आहे, तिने अजून पाहिलेलं नाही. हॉर्न प्रत्येक डाव्या वळणाला वाजत नाही, पूर्ण वळणालाच वाजतो. खोक्याला घडी दलालाने घातली, मी तिथे त्याला हटकलंही होतं. आणि दुकान बंद पडलं ते यंत्रातलं कळत नव्हतं म्हणून नव्हे, गिऱ्हाइकातलं कळत नव्हतं म्हणून. हे सगळं मी आज संध्याकाळी तिला ऐकवणार आहे, तेव्हा त्यासाठी आपण धावून येण्याची गरज नाही. तरीही रविवारी जरूर यावं. मात्र आल्यावर माझी बाजू घेऊ नये, माझी मी घेतो आहे. तिची घ्यावी. तो केक फार सुंदर झाला होता, आणि हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. मीही नाही.