सेल : रचना आणि कार्य

मंगळवार, ६ जानेवारी

पत्र आलं! तुरुंग बंद होऊन सात महिने झाले, तेव्हापासून मला पत्र लिहिणारं कुणी उरलंच नव्हतं. प्रौढ शिक्षण केंद्राच्या हिल्केमाबाईंची सही. 'सेल : रचना आणि कार्य' हा विषय सहा मंगळवार शिकवाल का? आपल्याइतका अनुभवी माणूस मिळणं कठीण – वगैरे.

कठीण कसलं, मिळणारच नाही! एकतीस वर्षं तुरुंगातले सेल उघडले आणि लावले. आल्त्येला वाचून दाखवलं. "अरे खेरलोफ, हे शिकायला येणार कोण?" मी म्हटलं, कैदी संपले म्हणून तुरुंग बंद पडले, लोकांना कुतूहल असतं. "असेल बाबा," म्हणाली आणि वाटाण्याचं सूप ढवळत बसली. असं सात महिने चाललंय, मी बोलतो आणि बायको सूप ढवळते. होकार कळवला.

मंगळवार, १३ जानेवारी

सात जण आले. दार लावून घेतलं आणि मोजले. सवय! सातव्यावर बोट गेलं आणि तो हसला. बाउके! चौदा नंबर! गोदाम फोडलं म्हणून चार वर्षं माझ्या विंगमध्ये होता. तो मात्र वही उघडून बसला.

मी भिंतीपासून सुरुवात केली. जाड, मजबूत, आकार धरून ठेवते. सगळे भराभर लिहून घेतायत! मग दार. आत काय येतं, बाहेर काय जातं यावर सतत नजर. पुढच्या बाकावर ऐंशीच्या स्टाइन्त्येबाई. त्यांनी विचारलं, "आणि केंद्रक?" मला वाटलं, मुख्य कार्यालयाला म्हणत असतील. म्हटलं, सगळे हुकूम तिथूनच सुटतात. "बरोब्बर!" मग विचारतात, "प्राण्यांच्या सेलला भिंत नसते ना?"

"बाई, प्राण्यांना सेल कशाला? प्राण्यांना गोठा!"

वर्ग खो खो हसला. बाउके मान खाली घालून नुसता थरथरत होता. तब्येत बरी नसावी.

बुधवार, १४ जानेवारी

केंद्राकडून पाठ्यपुस्तक आलं. वरती हिरव्या ठिपक्यांचं बटाट्यासारखं काहीतरी. आतमध्ये कुठेही तुरुंग नाही.

जीवशास्त्र! झाडांच्या पेशी, प्राण्यांच्या पेशी! आमच्या डच भाषेत मेलं कोठडीला आणि पेशीला, दोन्हीला सेलच म्हणतात!

आल्त्ये हसता हसता खुर्चीवरून घसरली. "एकतीस वर्षं सेलमध्ये काढलीस आणि तुला एक तनुकणिका दिसली नाही?"

राजीनामा लिहिला. तीन ओळी. एक ओळ खोडली.

गुरुवार, १५ जानेवारी

पाकीट घेऊन केंद्रात गेलो. सायकली लावतात तिथे बाउके उभा.

"राजीनामा का, साहेब? गोठ्यानंतर पुस्तक उघडलंत वाटतं."

म्हणजे याला पहिल्या दिवसापासून माहीत! मी म्हटलं, कुणाला बोललास? "मी? चार वर्षांत कधी कुणाची चुगली केली?" खरंय, कधीच केली नाही.

मग सरळ सांगितलं त्याने. पलीकडच्या गावची रोपवाटिका एप्रिलपासून त्याला कामावर घेतेय, पण या वर्गाचं प्रमाणपत्र हवं. मधेच शिक्षक गेला की वर्ग बंद. पुढची परीक्षा वर्षाने, आणि वर्षभर त्याची वाट बघत कोण बसणार? तुरुंगातून सुटलेल्याला पहिलंच 'ये' म्हणालेत ते लोक. "तुम्ही राहिलात तर माझं होईल," म्हणाला.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही रे."

"मला तरी कुठे कळतंय!"

पाकीट खिशातच राहिलं.

रविवार, १८ जानेवारी

'आंतर्द्रव्यजालिका' म्हणताना कवळी निसटून कॉफीत पडली. आल्त्ये म्हणते, हा शब्द जेवायच्या टेबलावर नको.

सोमवार, १९ जानेवारी

सापडलं! सापडलं! सापडलं!

पुस्तकातलं चित्र मोठं करून काढत होतो आणि एकदम लक्षात आलं – ही तर आमची सी विंग! केंद्रक म्हणजे अधीक्षकांचं कार्यालय. मूळ फाइल तिथून हलत नाही, नक्कल खाली जाते आणि कारखान्यात नक्कल बघून माल बनतो. तो कारखाना म्हणजे रायबोझोम. माल ज्या लांबलचक बोळातून जातो ती आंतर्द्रव्यजालिका. पार्सल खिडकी म्हणजे गॉल्गी पिंड – बांधा, पत्ता घाला, रवाना करा. तनुकणिका म्हणजे बॉयलर-घर! ते बंद पडलं की अख्खी इमारत गार. हे शास्त्रज्ञ आमच्याकडे येऊन बघून गेले की काय?

मंगळवार, २७ जानेवारी

आज अख्खा वर्ग तुरुंगात नेला. राखणदार जुना दोस्त, त्याने उघडून दिलं. वहीत लिहिलंय की प्रद्रव्यपटलातून ठरावीक गोष्टीच आत जातात, म्हणून मी फाटकापाशी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. स्टाइन्त्येबाईंकडे विणकामाच्या सुया! काढून घेतल्या. पटलातून सुया जात नाहीत. बाई खूश.

सगळं जुळत गेलं. लयकारिका म्हणजे जप्तीची खोली, नको ते जिरवून टाकायचं. अडलं ते हरितलवकाशी. उन्हातून स्वतःचं अन्न स्वतः बनवणारं असं आमच्याकडे काही नव्हतंच!

बाउके चौदा नंबरात शिरला आणि खिडकीच्या कठड्यावर हात ठेवला. "इथे होतं की, साहेब. दह्याच्या डब्यात. टोमॅटोचं."

होतं. मीच जप्त केलं होतं. सेलमध्ये माती नको, असा नियम होता. सात पानं होती त्याला. मोजली होती, मी सगळंच मोजतो. तसंच कचऱ्यात टाकलं आणि वहीत 'कार्यवाही पूर्ण' असं लिहिलं.

सुया परत द्यायला विसरलो.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

वर्ग सुटल्यावर त्याला थांबवलं. "बाउके, त्या रोपाचं... चुकलं माझं. मला लाज वाटते."

तो म्हणाला, "लयकारिकेचं कामच ते, मास्तर. तिला काय कळतं, टोमॅटो आहे का चाकू?"

पहिल्यांदाच मास्तर म्हणाला. बरं वाटलं. मग घरी येऊन परत वाईट वाटलं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

शेवटचा वर्ग. रिक्तिका. झाडाच्या पेशीत ही मोठ्ठी असते, पाण्याने भरलेली, तिच्यामुळेच झाड ताठ. पाणी आटलं की मान टाकतं. आल्त्ये म्हणाली, "गेले सात महिने तू तसाच होतास. आता जरा बरा दिसतोस."

बाउकेला उद्यापासून रोज कॉफीला बोलावलंय. उजळणी.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

परीक्षा. परीक्षक ग्रोनिंगेनहून आलेला, तोंडावरची माशी न उडणारा. मी बाहेर बाकावर. दाराला साधा झरोका नाही, कशी दारं करतात! कान लावून बसलो.

बाउकेला विचारलं, झाडाच्या पेशीत जास्तीचं काय? "भिंत, मोठी रिक्तिका, हरितलवक." छान! मग परीक्षक विचारतो, "प्राण्याच्या पेशीला भिंत नाही, तर ती एकत्र राहते कशी?" हे शिकवलंच नव्हतं मी! कान दाराला आणखी चिकटवला.

"पातळ पटल असतं. काय येऊ द्यायचं, काय जाऊ द्यायचं ते बघतं," बाउके म्हणाला. "आणि आतून सांगाडाही असतो, बारीक धाग्यांचा. भिंत नसली म्हणून सगळं पळून जात नाही."

सांगाड्याचं मी शिकवलेलं नाही. हे त्याचं त्याने वाचलं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

सातही जण पास!! प्रत्येकाचा अर्धा गुण कापला. सातही जणांनी लेखी पेपरात लिहिलं होतं, गॉल्गी पिंड पार्सल फोडून आत चाकू आहे का बघतो.

आल्त्येने चक्क सफरचंदाचा केक केला.

गुरुवार, ५ मार्च

हिल्केमाबाईंचे आभार मानायला गेलो. म्हटलं, तुमची चूक माझ्या पथ्यावर पडली. "कसली चूक?" म्हणून त्यांनी बाउकेचा प्रवेश-अर्ज काढला. 'शिक्षक सुचवा' या रकान्यात माझं नाव. खाली त्याचं अक्षर – 'सेलवर एकतीस वर्षं काम.'

बाहेर येऊन सायकलींपाशी बाउकेला गाठला. म्हटलं, मुद्दाम?

"चार वर्षं तुम्ही मला आत ठेवलंत, मास्तर. म्हटलं, सहा मंगळवार तुम्हाला ठेवून बघू."

मग त्याने केंद्राचं फाटक उघडून धरलं. मी पुढे झालो.