फळीपुढे हलायचं नाही

५ डिसेंबर
उद्यापासून हिवाळी दौरा. सहा हॉल, मध्ये काही दिवस मित्रांबरोबर सुट्टी, शेवटी एकतीस तारखेचा मोठा शो. त्यासाठी तीन संकल्प. रोज सकाळी प्रॅक्टिस. हिच्यावर चिडायचं नाही. दाढी ठेवायची. हल्ली दाढी करताना हनुवटी कापते. ब्लेड पूर्वीसारखी येत नाहीत. शिवाय सुऱ्या फेकणारा माणूस दाढीत भारदस्त दिसतो.

६ डिसेंबर
व्हॅनचा हीटर बंद. मेहुणा म्हणतो, दाजी, व्हॅन चालतेय तोवर हीटरचं काय घेऊन बसलात. गाडी तोच चालवतो, लाइट तोच बघतो, ड्रमही तोच वाजवतो, म्हणून ऐकून घेतो. हॉल बर्फाच्या पेटीसारखा. बोटं आखडली. तरी सगळ्या सुऱ्या फळीत. फक्त डाव्या कानाजवळची टाकली तेव्हा ही हलली.
चोवीस वर्षं ही माझ्या फळीपुढे उभी राहते आहे. नियम एकच, हलायचं नाही. बोललो नाही. संकल्प.

९ डिसेंबर
प्रॅक्टिस राहिली. थंडी. शोमध्ये ही पुन्हा हलली, एकदा उजवीकडे, एकदा खाली. विचारलं, हे काय चाललंय? म्हणाली, पायाला मुंग्या आल्या.
लॉजवर चहा आणला तो अर्धा कप. आता रोजच अर्धा. विचारलं तर म्हणते, गार होतो, लागला तर परत घ्या. कंजूषपणा वयाबरोबर वाढतो.

१३ डिसेंबर
हिची बाही फळीला खिळली. सुरी सुटल्यावर हलली. आधीच हलली असती तर मी सावरून घेतलं असतं. प्रेक्षकांना वाटलं, खेळातलंच आहे. टाळ्या पडल्या. हिनेही हसून मान लववली.
आत येऊन दंडाला औषध लावत होती. ओरखडा. वर न बघता म्हणाली, अहो, आता पुरे करू या का? माझे गुडघे धरतात. उभं राहवत नाही.
मी शांतपणे ऐकून घेतलं. दुसरा कोणी चिडला असता.

१४ डिसेंबर
दात घासताना सुचलं. चाक. दहा वर्षांपूर्वी बंद केलेलं, अजून व्हॅनच्या तळाशी पडलेलं फिरतं चाक पुन्हा काढायचं. हिला पट्ट्यांनी चाकावर बांधायचं, चाक गरागरा फिरवायचं आणि सुऱ्या टाकायच्या. उभं राहायला नको, गुडघ्यांना त्रास नाही. हलण्याचा तर प्रश्नच मिटला.
एकतीसच्या हॉलच्या मॅनेजरला फोन केला. खूश झाला. पोस्टरवर चाकच छापतो म्हणाला.
हिला सांगितलं. हातातल्या साडीची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, पट्टे जुने झाले असतील. हिचं लक्ष असतं अशा गोष्टींकडे. नवे पट्टे घेतले.

१९ डिसेंबर
चाकाचं बेअरिंग गेलंय. मेहुण्याला नवीन मिळत नाही. एका गावात दुकान बंद, दुसऱ्यात मालक लग्नाला गेलेला, तिसऱ्यात साइज नाही. म्हणालो, तू दुकानात शिरतोस तरी का? म्हणाला, दाजी, चाकाचीच इच्छा दिसत नाही.
नव्या शर्टाची काजं लहान शिवली आहेत. बटणं जात नाहीत. ही लावून देते.

२३ डिसेंबर
सुट्टी. जादूगाराचं घर, तळ्याकाठी. नकलाकारही आला. आम्ही तिघं एकेकाळी एकाच व्हॅनमधून फिरलो. जादूगाराने तीन वर्षांपूर्वी खेळ सोडला. पत्ते बोटांतून निसटायला लागले म्हणतो, आणि हे स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगतो. माणसाने इतक्यात हाय खाऊ नये. त्याला तसं स्पष्ट सांगितलं.

२४ डिसेंबर
जेवणं झाल्यावर नकलाकाराने नकला केल्या. हॉलचे मॅनेजर, मेहुण्याचं गाडी चालवणं, जादूगाराचं खोकणं. हसून पोट दुखलं. मग म्हणाला, आता तुझी. खुर्चीत ताठ बसला, भरलेला कप उचलला आणि हात असा काही हलवला की चहा बशीत, बशीतून मांडीवर.
कोणी हसलं नाही. ही उठून ताटं गोळा करायला लागली. नकलाकार म्हणाला, जाऊ दे, नाही जमली.
खरंच जमली नाही. हात कशाला हलवत होता, कळलं नाही. त्याचंही वय झालं.

२५ डिसेंबर
अंगणात फळी लावून प्रॅक्टिस केली. जादूगार पायरीवर बसून बघत होता. नंतर मला तळ्याकडे घेऊन गेला. म्हणाला, वहिनी जिथून सरकतात, सुरी तिथेच येऊन बसते, पाहिलंस का? म्हणालो, साहजिक आहे. ही हलली की माझी नजर तिकडे जाते, आणि नजर जाईल तिकडे हात. म्हणाला, म्हणजे त्या आधी हलतात? म्हणालो, मग काय.
तो पाण्यात खडे टाकत राहिला. मग म्हणाला, चाकावर त्यांना सरकता येणार नाही. म्हणालो, तेच तर तुला दोन दिवस समजावतोय.
घरी बसलेल्या लोकांना दुसऱ्याचं चाललेलं बघवत नाही. तरी मोठ्या मनाने एकतीसच्या शोचं आमंत्रण दिलं. म्हणाला, येतोच, माझी जादूची पेटीही घेऊन येतो. पेटी कशाला, ते विचारलं नाही.

२८ डिसेंबर
बेअरिंग सापडलं. व्हॅनमध्येच, मेहुण्याच्या सीटखाली, मोज्यात गुंडाळलेलं, वर ग्रीससुद्धा लावलेलं. मेहुणा म्हणाला, अरे, इथे होतं होय. विसरभोळेपणाची कमाल आहे. मग मीच बसवलं. नट सारखे हातातून निसटत होते. थंडी.
संध्याकाळी मेहुणा हिच्यावर ओरडत होता. ताईवर आवाज चढवलेला प्रथमच ऐकला. तू चढायचं नाहीस, सांगून ठेवतो. ही म्हणाली, चोवीस वर्षांत ह्यांना कधी नाही म्हटलं नाही, आता कोणत्या तोंडाने म्हणू? तो म्हणाला, मग मी म्हणतो. ही म्हणाली, तू म्हणालास तर ते मरतील.
बहीणभावाच्या भांडणात मी पडत नाही.

३१ डिसेंबर, दुपार
चाक लोण्यासारखं फिरतं आहे. बाहेर पोस्टर लागलं. त्यावरचा माणूस माझ्यासारखा दिसत नाही, त्याला दाढी नाही.
तालमीला हिने वेगळंच काढलं. स्टेजचा पोशाख लॉजच्या उशा कोंबून फुगवला आणि चाकावर बांधला. चारही पट्टे स्वतः आवळले. म्हणाली, अहो, आधी याच्यावर टाका. याला काही झालं नाही तर मी चढते. माझा शब्द.
हरकत घेतली नाही. बायकांचं समाधान करावं. मेहुण्याने चाक फिरवलं. जादूगार पहिल्या रांगेत बसला होता, पेटी मांडीवर घेऊन.
टाकल्या.
लॉजच्या उशांत कापूस अगदी हलका भरलेला असतो. स्टेजभर झाला. मेहुणा झाडू आणायला गेला तो लवकर आलाच नाही. हीच झाडत होती.

१ जानेवारी
काल मॅनेजरला मेहुण्याने सांगितलं, ताईचे गुडघे धरलेत. शो जादूगाराने केला. दोनदा पत्ते सांडले. लोक हसले, तोही हसला. शेवटी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.
मदतीला ही होती. साध्या साडीत, त्याच्या पेटीशेजारी, पहिल्यापासून शेवटपर्यंत उभी. अजिबात हलली नाही. मी पडद्याआडून बघत होतो.
हॉलमध्ये प्रचंड गारठा होता, हे इथे लिहून ठेवतो.

३ जानेवारी
घरी. चाक मेहुण्याने उतरवलं नाही, व्हॅनमध्येच राहू दे म्हणाला.
ही खिडकीशी बसून पोशाख शिवते आहे. गळ्याखाली, छातीवर, पोटावर. म्हणालो, आण, दोरा मी ओवून देतो. हिने दिला. चष्मा लावला. दोऱ्याचं टोक ओलं केलं. ही वाट बघत बसली, घाई केली नाही. बऱ्याच वेळाने तिने सुई काढून घेतली, बाजूला खोचली आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.
खोलीतला हीटर चालू होता. सकाळपासून.