पेपरचा आधार

१९ सप्टेंबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला टाकशील, पण न फोडलेलं पाकीट तुझ्या नजरेला फार वेळ सहन होत नाही.

इकडे ठीक. प्रयोगशाळेतला एसी पुन्हा बिघडलाय. पेशी त्यांच्या कपाटात सुखात आहेत, आम्ही बाहेर घामाघूम. माझ्या त्या पेपरचा बोलबाला चालूच आहे. कुणी आपल्या लेखात दुसऱ्याच्या पेपरचा आधार दिला की त्याला सायटेशन म्हणतात, हे मी तुला इतक्यांदा सांगितलंय की आता तूच शेजारणींना समजावतेस. तो आकडा यंदा एकदम उडाला. संचालक स्वतः माझ्या खोलीत आले. "प्राध्यापकपद आता तुमच्या खिशात," म्हणाले. मी हसले. ते गेल्यावर खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

भावोजी कसे आहेत? कप धरतात ना अजून?

मी मध्येच उठले होते. चहा केला, तो ओट्यावरच राहिला. एका जागी बसवत नाही.

आकडा का उडाला ते मी शोधलं, ताई. नवे लेख उघडून बघितले, तर निम्मेअधिक त्या क्लिनिकच्याच माणसांचे. भावोजींच्या हाताच्या थरथरीवर इंजेक्शनं देतात, तेच क्लिनिक. प्रत्येक लेखात सुरुवातीलाच माझा पेपर. त्यात आहे काय? काचेच्या बशीत वाढवलेल्या उंदराच्या चेतापेशींना आम्ही एक प्रथिन दिलं आणि त्यांना नवे फाटे फुटले. बस. माणसाच्या हाताच्या थरथरीबद्दल त्यात अवाक्षर नाही.

मी तिथे जाऊन आले. तुला न सांगता. डॉक्टरांनी उठून खुर्ची दिली. "मॅडम, तुमच्या पेपरवर तर आमचं सगळं उभं आहे!"

"मग माझं नाव काढा," मी म्हटलं.

ते हसले. "काढू की. पण आमच्यामुळे तुमचंही भलंच होतंय. आकडे बघता ना?"

मी उठले. बाहेर पडताना भिंतीवर तुझा फोटो दिसला. खाली लिहिलेलं : संशोधिकेच्या सख्ख्या बहिणीचा अनुभव.

म्हणून त्या रविवारी तुमच्याकडे आले आणि तुझ्या फ्रीजमधली इंजेक्शनाची संपत आलेली एक बाटली पर्समध्ये टाकली. तळाशी थेंब होते, ते तपासले. विश्वास बसेना म्हणून पुन्हा तपासले. त्यात आमचं प्रथिन नाही, कुठलंच नाही. मिठाचं पाणी आहे. हे फोनवर सांगितलं तर तू म्हणालीस, "मग यांचा थरथरता हात थांबला कसा? यशानं डोकं फिरलंय तुझं. घरच्यांचं बरं झालेलं बघवत नाही तुला!" आणि फोन आपटलास.

हात कसा थांबला ते मला तेव्हाही माहीत होतं. शब्द दिला होता, म्हणून गप्प बसले.

त्या रविवारी भावोजी मला जिन्यापर्यंत सोडायला आले होते. हळूच म्हणाले, "बाटली घेतलीस ते पाहिलं मी. काही निघालं तरी मी आता सांगतो ते तुझ्या ताईला कळू देऊ नकोस. क्लिनिकवाल्यांनी जुन्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, मी केल्या नाहीत. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून डोस बदलून आणला. हात त्यानं थांबलाय."

"मग इंजेक्शनं कशाला टोचून घेता?"

"तिथे जायला लागल्यापासून ती रात्री झोपते गं. तेवढ्यासाठी एक सुई काही जड नाही."

मी गप्पच राहणार होते. पण परवा प्रयोगशाळेत एका बाईंचा फोन आला. क्लिनिकच्या मेळाव्यात त्यांनी तुझं भाषण ऐकलं आणि नवऱ्याच्या गोळ्या बंद केल्या. नवऱ्याला आता कूसही बदलता येत नव्हती. "तुमच्या ताई म्हणाल्या म्हणून," एवढंच त्या बोलत राहिल्या. रागावल्यासुद्धा नाहीत. मी त्यांना तडक मोठ्या रुग्णालयात न्यायला लावलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात, आता ते थोडं बोलतात. चालतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

आज सकाळी मी सगळं लिहून पाठवलं, क्लिनिकचे ते लेख छापणाऱ्या नियतकालिकांना आणि आरोग्य खात्यालाही. बाटलीच्या तपासणीसकट. संचालक म्हणाले, "प्राध्यापक निवडणाऱ्या समितीची बैठक होईपर्यंत तरी थांबा. ते लेख बाद झाले की तुमचाही आकडा खाली येईल." मी म्हटलं, "येऊ दे." पद हवंय मला, ताई. नकोय असं ढोंग तुझ्यापुढे करणार नाही.

भावोजींना दिलेला शब्द मी मोडलाय. माझ्यावर हवं तेवढं चीड, त्यांच्यावर नको. त्यांना तुझी झोप उडवायची नव्हती. तुलाही कुणाचं वाईट करायचं नव्हतं, हे मी त्या बाईंना सांगितलंय. त्यांनी ते ऐकून घेतलं.

शनिवारी तिथे तुझं पुन्हा भाषण आहे. येणाऱ्या माणसांना आधीच गाठून सांगायला त्या बाई फाटकापाशी उभ्या राहणार आहेत. मीही असेन. मंचावर जायचं की आमच्यापाशी थांबायचं, तुझं तू ठरव. माझं कुणी ऐकेलच असं नाही. तुझं ऐकतात.

शनिवारी फाटकापाशी तुझी जागा धरून उभी असलेली,
तुझी धाकटी