खरखर आमच्या घरातली नाही

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.
डोकं फिरलंय. दर रविवारी दहाला ताईचा फोन येतो. एकवीस वर्षं येतोय. आज उचलला तर कानात कुणीतरी वाळू चाळतंय. ती तिकडून बोलतेय, मी इकडून हॅलो हॅलो करतोय. "तुला एक विचारायचंय," एवढं स्पष्ट ऐकू आलं. पुढे नुसती खर्रर्र. तिने तीनदा विचारलं. तीन वेळा मिळून माझ्या हाती तीन शब्द लागले : डॉक्टर, पंधरवडा आणि तू. मग "जाऊ दे" म्हणून तिने ठेवून दिला. "जाऊ दे" मात्र स्वच्छ ऐकू आलं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. दुसऱ्या गावात एकटी राहते. आई गेल्यावर माझं दप्तर तिनेच भरलं, मला वाढवलंही तिनेच. आजवर माझ्याकडे तिने काही म्हणून मागितलेलं नाही. आज पहिल्यांदा काही विचारायला गेली तर टेलिफोन कंपनीने मध्येच तोंड घातलं. हे मी सहन करणार नाही.

बायको म्हणाली, माझ्या मोबाइलवरून लावा की. नाही लावणार. महत्त्वाचं बोलणं खुर्चीत बसून, रिसीव्हर हातात धरून होतं. मोबाइलवर माणसं भाजी निवडता निवडता बोलतात.

संकल्प : पुढच्या रविवारच्या आत लाइन ठणठणीत. ताई विचारील, मी ऐकेन.

३ फेब्रुवारी, सोमवार.
कंपनीला फोन. बेचाळीस मिनिटं संगीत, तेही खरखरीसकट. मग एक मुलगी आली. मोडेम बंद करून पाहिलात का, सगळे फोन काढून एकच फोन मेन सॉकेटला लावून पाहिलात का, स्प्लिटर नीट बसलाय का. एकामागून एक, पाढे म्हटल्यासारखं. मी तिला शांतपणे सांगितलं की मी तेहतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर काढली आहेत. ती म्हणाली, हो सर, पण स्प्लिटर. मग मी शांतपणे सांगणं सोडलं.

दोष घरात असूच शकत नाही. का, ते लिहून ठेवतो. मागच्याच आठवड्यात मी घरातली संपूर्ण लाइन सुटसुटीत केली. केवढं जंजाळ होतं. मोडेमच्या मागे एक डबी, बेडरूमच्या फोनमागे दुसरी डबी, वायर आत जाते, बाहेर येते, पुन्हा आत जाते. पाइपलाइनचा पहिला नियम : जितके जोड कमी, तितकी गळती कमी. दोन्ही डब्या काढल्या, वायरी थेट एकमेकींना पीळ देऊन जोडल्या. आता सरळ मार्ग आहे. एवढं केल्यावर जी खरखर येते ती बाहेरचीच.

तक्रार नोंदवली. माणूस येईल म्हणाली. कधी, ते म्हणाली नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी साडेआठ.
गुन्हेगार सापडला. खालच्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर. त्याने नवं यंत्र आणलंय. खाली जाऊन बंद करायला लावलं. खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसल्या होत्या, त्यांनी हरकत घेतली नाही. धावत वर आलो, रिसीव्हर उचलला. खरखर तशीच. म्हणजे त्याच्याकडे दुसरं यंत्रही आहे. पुन्हा गेलो तर दार आतून लावलेलं. ज्याच्या मनात काही नाही तो दार लावतो का?

५ फेब्रुवारी, बुधवार.
कंपनीच्या नादी लागण्यात अर्थ नाही. आपला हात जगन्नाथ. सगळे जोड उघडले, घासले, पुन्हा पिळले. वरून नळाच्या आट्यांना लावतात ती पांढरी टेप गुंडाळली, प्रत्येक जोडाला नऊ वेढे. या टेपने मी एकेकाळी अख्ख्या गावाचं पाणी धरून ठेवलंय.

रिसीव्हर उचलला. खरखर दुप्पट. चिन्ह चांगलं आहे. प्रेशर वाढलंय.

संध्याकाळी ५. ब्रॉडबँड गेलं. बायको घरून मुलांची गणिताची शिकवणी घेते, कॉम्प्युटरवर. अपूर्णांक चालू असताना सगळी मुलं गायब झाली. मी म्हटलं, दुरुस्तीच्या काळात पुरवठा बंद ठेवावाच लागतो. ती उठली. लॅपटॉप काखेत मारून खाली दाताच्या डॉक्टरांकडे गेली आणि उरलेली शिकवणी तिथे घेऊन आली. त्याच्या बायकोने चहाही दिला म्हणे. घरचा भेदी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
आज माणूस येणार होता, दहा ते सहाच्या दरम्यान. दहा वाजल्यापासून दाराशी खुर्ची टाकून बसलो. जेवण दारातच. चार वाजेपर्यंत चिटपाखरू नाही. संताप अनावर झाला, तेव्हा जाब विचारायला थेट कंपनीच्या ऑफिसात गेलो. परत आलो तर दाराला चिठ्ठी : "ग्राहक घरी नाही. तक्रार बंद."

बायको आत होतीच, पण शिकवणी चालू होती, कानात ते इअरफोनचं बोंडूक. दोन दिवसांपूर्वी गेलेलं ब्रॉडबँड नेमकं आजच तासाभरासाठी परत यायचं होतं.

तक्रार बंद म्हणे. माझी तक्रार अशी बंद होत नसते.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी पावणेअकरा.
ताईचा फोन. खरखर इतकी की रिसीव्हर हातभर लांब धरावा लागला. ती ओरडून ओरडून बोलत होती. या वयात, त्या बारीक आवाजात. मी "काय म्हणालीस?" असं अकरा वेळा विचारलं, बायकोने मोजलं. मिळालेले शब्द : वीस तारीख, एकटी, जमेल का.

मी ओरडून सांगितलं की ताई, तू मुळीच घसा ताणू नकोस, पुढच्या रविवारी लाइन आरशासारखी असेल, तेव्हा निवांत सांग. ती काहीतरी म्हणाली. बहुधा बरं म्हणाली.

बायको मोबाइल घेऊन समोर उभी. नंबरही लावून ठेवलेला. मी म्हटलं, ठेव तो. ती म्हणाली, "अहो, त्यांना तुमची गरज असेल." मी म्हटलं, म्हणूनच तर हा सगळा खटाटोप चाललाय. कळत कसं नाही माणसांना. माझ्या बहिणीसाठी मी आठ दिवस रक्त आटवतोय, आणि हिला वाटतं एक बटण दाबलं की झालं.

१० फेब्रुवारी, सोमवार.
नवी तक्रार. तीच मुलगी. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, सर, स्प्लिटर?

११ फेब्रुवारी, मंगळवार.
कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. तीन पानं. त्यात ताईने मला कसं वाढवलं, तेही घातलं. दगडालाही पाझर फुटेल. बायकोला वाचून दाखवायला बोलावलं. दुसऱ्या पानावर ती म्हणाली, हे ताईंनाच का नाही पाठवत. मूळ मुद्दा हिच्या कधी लक्षातच येत नाही. तिसरं पान वाचलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
घसा बसलाय. आज कुणावरही ओरडता आलं नाही. दिवस वाया.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १.
माणूस आला. पन्नाशीचा, कमरेला पक्कड, बोलणं बेताचं. मी त्याला सुरुवातीपासून सगळं सांगायला घेतलं. दातांच्या यंत्रापर्यंत पोचलो तोवर तो मोडेममागे वाकलाही होता. पांढऱ्या टेपेकडे बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "काका, इथला स्प्लिटर कुठाय?"

बायकोने खिळ्यांच्या डब्यातून दोन्ही डब्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. तिला ठाऊक होतं कुठे आहेत ते. त्याने माझे पीळ सोडवले, एक डबी मोडेमपाशी लावली, दुसरी बेडरूमच्या फोनमागे. चार मिनिटं. खरखर बंद. ब्रॉडबँड चालू. म्हणाला, एकाच वायरीतून फोन आणि इंटरनेट दोन्ही येतात, त्यांना वेगळं करायचं काम या डब्यांचं. त्या काढल्या की इंटरनेटचा गोंगाट फोनमध्ये शिरतो.

मी पहिल्यापासून म्हणत होतो की दोष जोडात आहे. तसंच निघालं. जोड नव्हता, हाच दोष. वस्तूवर तसं छापायला काय होतं कंपनीला? त्याला म्हटलंही तसं. त्याने डबी फिरवून दाखवली. छापलं होतं. अक्षर फार बारीक आहे.

असो. शब्द पाळला. उद्या रविवार.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.
फत्ते. दहाच्या ठोक्याला ताईचा फोन. काय ती लाइन. तिच्याकडच्या पंख्याची घरघरसुद्धा ऐकू येत होती. ताई म्हणाली, "आज छान ऐकू येतंय रे." मी म्हटलं, येणारच, आणि तिला सगळी हकीकत सांगितली. दोन आठवडे बिचारी काळजीत असणार. ती मुलगी, तो दातवाला, चिठ्ठी, पत्र (तिसऱ्या पानासकट), पांढरी टेप, सगळं. कंपनीला कसं वठणीवर आणलं ते दोनदा सांगितलं. ताई हं हं करत होती. मध्ये एकदा "बरं, ऐक ना" म्हणाली, पण मी तेव्हा नेमका स्प्लिटरपर्यंत पोचलो होतो. तिथे थांबलो असतो तर तिला काही उमगलं नसतं.

पंचेचाळीस मिनिटं. शेवटी ती म्हणाली, दारात कुणीतरी आलंय, ठेवते.

बायको सगळा वेळ दारात उभी. म्हणाली, "मग? त्यांना काय विचारायचं होतं?" मी म्हटलं, ते राहिलंच. फार महत्त्वाचं नसावं, नाहीतर बोलली असती. पुढच्या रविवारी विचारू. लाइन आता काही कुठे जात नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ७.
बायको बॅग घेऊन गेली. आज ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आतल्या पडद्याला छिद्र पडलंय. पुढचा पंधरवडा मान खाली घालून पडून राहायचं, सोबत कुणीतरी हवं. तू येशील का, एवढंच तिला मला विचारायचं होतं. सोमवारी तिने बायकोच्या मोबाइलवर फोन करून हिलाच विचारलं.

मला चार दिवस कुणी सांगितलं नाही. मी संतापलो. म्हटलं, मीही येतो, त्या डॉक्टरला चार प्रश्न विचारायचेत. बायको चपला घालता घालता म्हणाली, डॉक्टरांनी ताईंना शांतता सांगितलीय. आणि गेली.

माझ्याच बहिणीचं ऑपरेशन आणि मीच घरात. यात माझी काय चूक? त्या डब्यांवरची अक्षरं मोठी असती तर आज मी तिथे असतो.

संध्याकाळी ६.
फोन आला. ऑपरेशन नीट झालं. बायकोने ताईला दिला. आवाज थकलेला, पण शब्द न् शब्द स्पष्ट. जेवलास का, असं आधी विचारलं. मग मी सुरुवात करणार तोच म्हणाली, मला थोडंसंच बोलायचंय, नंतर तू बोल. मी म्हटलं बोल.

"पहिले दोन रविवार मला वाटलं, तुला यायचं नाहीये, म्हणून तू खरखरीचं निमित्त करतोयस," ताई म्हणाली. "मग गेल्या रविवारी इतकं छान ऐकू आलं, तरी तू विचारलंच नाहीस."

आता माझी पाळी होती. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, सगळं मुद्देसूद. रिसीव्हर कानाला धरून बसलो.  लाइन इतकी स्वच्छ की ताईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. ताईला वाटलं, फोन कट झाला. दोनदा हॅलो हॅलो म्हणाली आणि तिने ठेवून दिला.